सुरमई मागे येते पण धरत नाही: ल्युअर तरंगता हवा की बुडता?

दसरा उलटला, पाणी निवळलं, की कोकणच्या किनाऱ्यावर गरवणाऱ्यांची एकच तक्रार ऐकू येते. सुरमई डोळ्यांसमोर उड्या मारतेय, ल्युअर, म्हणजे गळाचा नकली मासा, तिच्या डोक्यावरून जातोय आणि ती त्याला तोंड लावत नाही. किंवा दहा-पंधरा हात मागे येते आणि होडी जवळ आली की अंग वळवून खाली जाते. किंवा धरते, रॉडला एक दणका बसतो आणि दोरी सैल पडते. गुंडाळून बघावं तर टोक ब्लेडने कापल्यासारखं. तिन्ही तक्रारींना उत्तर एकच मिळतं: "फ्लोटिंग वापरत असशील, सिंकिंग घे." दुसऱ्या दिवशी सिंकिंग घेऊन जावं तर तो तिसऱ्या फेकीला खडकात अडकतो आणि शेजारचा माणूस तरंगत्या पॉपरवर, म्हणजे खोलगट तोंडाने पाणी उडवत येणाऱ्या ल्युअरवर, मासा काढतो.

या प्रश्नापायी माझे दोन हंगाम आणि बरेच पैसे गेले. आता माझं मत पक्कं झालंय: नवा ल्युअर घेण्याआधी हातातला ल्युअर पाण्यात नक्की काय करतोय हे बघायचं. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहितो.

सल्ला कोणत्या माशाचा आहे?

'किंगफिश' हे नाव फसवं आहे. आपल्याकडे हॉटेलातल्या मेन्यूवर किंगफिश म्हणजे सुरमई, गोव्यात इसवण. ओमान-दुबईकडेही किंगफिश म्हणजे हीच, तिथे तिला कनाद म्हणतात. त्यामुळे मस्कतला राहून गरवणाऱ्या आपल्या माणसांचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा उपयोगी पडतो. अमेरिकेतला किंगफिश म्हणजे किंग मॅकरेल, तोही सुरमईचाच भाऊबंद. पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये किंगफिश म्हणतात तो यलोटेल, सेरिओला लालांडी, वेगळ्याच कुळातला मासा. आणि दक्षिण आफ्रिकेत हेच नाव ट्रेव्हलीला आहे.

हे सांगायचं कारण असं की आपण बघतो त्यातले पुष्कळ व्हिडिओ यलोटेलचे असतात. त्यात मोठ्या तरंगत्या स्टिकबेटला, म्हणजे जीभ नसलेल्या लांबट ल्युअरला, रॉडने एक लांब ओढ देतात, मग थांबतात, ल्युअर बुडबुडे सोडत वर येतो, पुन्हा ओढ. लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि ल्युअर यांच्यामधला तुकडा, जाड नायलॉनचा; धातूची वायर नाही. यलोटेलला हे चालतं. त्याचे दात बारीक, कानशीसारखे. लीडर घासला जातो, पण एका चाव्यात तुटत नाही. थांबलेला ल्युअर तो येऊन तोंडात घेतो.

सुरमईचं तसं नाही. तिचे दात चपटे आणि त्रिकोणी, एका ओळीत, कात्रीच्या पात्यासारखे. ती पूर्ण वेगात येते, बऱ्याचदा भक्ष्याला शेपटीकडून कापते आणि मग तुकडा उचलते. होडीवर ओढलेल्या बांगड्याचं नुसतं डोकं हाती आलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ल्युअर दोन-तीन सेकंद थांबवला की तिला निरखून बघायला सवड मिळते आणि ती वळते. तेव्हा तुम्ही ओढ-थांबा-ओढ करत असाल, तर ल्युअर तोच ठेवून आधी ते थांबणं बंद करा. एक अख्खी सकाळ सलग, वेगाने ओढून बघा. काही जणांची तक्रार एवढ्यानेच मिटलेली मी पाहिली आहे.

डबीवरचं अक्षर काय सांगतं

एफ म्हणजे तरंगता, एस म्हणजे बुडता, एसएस म्हणजे हळू बुडणारा, एसपी म्हणजे सोडला तिथेच पाण्यात लटकणारा. ही अक्षरं एवढंच सांगतात की ओढणं थांबवलं तर ल्युअर कुठे जाईल. ओढताना तो किती खोल चालेल ते या अक्षरात नसतं.

नाकाखाली पट्टीसारखी मोठी जीभ असलेला तरंगता मिनो, म्हणजे लहान मासळीच्या आकाराचा ल्युअर, चालत्या होडीमागे सहा-सात मीटर खाली जातो. उलट बुडता स्टिकबेट वेगवान रीलवर भराभर गुंडाळला तर पृष्ठभागाखाली हातभर चालतो, कधी कधी पाणी फोडून बाहेर येतो. म्हणजे 'फ्लोटिंग' लिहिलेला खोल आणि 'सिंकिंग' लिहिलेला वर, असंही होतं. 'खालचा मासा म्हणून सिंकिंग' असं म्हणून घेतलेला ल्युअर जो घाईघाईने ओढतो, तो वरचंच पाणी पुन्हा चाळत असतो.

होडीमागे सोडायचा असेल तर मी तरंगता, मोठ्या जिभेचाच घेतो. एका रॉडला मासा लागला आणि होडी थांबवली की दुसऱ्या रॉडचा तरंगता ल्युअर वर येऊन शांत पडून राहतो. बुडता असेल तर तो तळाला जाऊन खडक धरतो, नाहीतर लागलेल्या माशाच्या दोरीत गुंततो. ल्युअर एकाच बाजूला पळत असेल किंवा वेग वाढवल्यावर आडवा पडत असेल तर तो टाकून देऊ नका. नाकावरची तारेची कडी पक्कडीने अगदी केसभर वाकवा. ल्युअर मागून बघताना डावीकडे पळत असेल तर कडी उजवीकडे, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. पुन्हा पाण्यात सोडून बघा, पुन्हा वाकवा. पाच मिनिटांचं काम आहे.

बादली

आता खरा घोळ. मागच्या नोव्हेंबरात माझ्याकडे एक १४० मिलिमीटरचा, ४० ग्रॅमचा तरंगता स्टिकबेट होता. त्यावर पहिल्याच दिवशी सुरमईने मूळचा ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा हूक, सरळ करून टाकला, म्हणून मी पुढचा-मागचा दोन्ही ट्रेबल बदलून जाड घातले, रिंगाही जाड घातल्या. पुढे वीतभर वायर, त्याला स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि क्लिप. त्यानंतर सलग चार सकाळी एकही मासा नाही. ल्युअर पाण्यावर साप पळावा तसा डावी-उजवी करत चालायचा, तो आता नाक खुपसून सरळ यायला लागला. मला वाटलं मासाच नाही.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मूळचे हूक आणि रिंगा ठेवल्या: ७ ग्रॅम. नवे: १२ ग्रॅम. वाढले फक्त ५ ग्रॅम. मग बादलीत जेटीवरचं पाणी आणून ल्युअर सोडला. क्षणभर तो पृष्ठभागाला टेकून राहिला, मग शेपूट आधी, हळूहळू, पिसासारखा तळाला गेला. चार दिवस मी तरंगता म्हणून जो ओढत होतो तो बुडता होता, आणि बुडता म्हणूनही वाईट, कारण त्याचा तोल त्यासाठी केलेलाच नव्हता.

हिशेब सोपा आहे. एवढ्या अंगाचा ल्युअर साधारण ४४ घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारतो. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली तर ते पाणी झालं ४५ ग्रॅम. ल्युअरचं वजन ४०, म्हणजे तरंगायला शिल्लक फक्त ५ ग्रॅम. ५ ग्रॅम जादा पोलादाचं पाण्यातलं वजन साधारण ४.३ ग्रॅम भरतं. वर वायर, स्विव्हल आणि क्लिपचा नाकावर येणारा भार. शिल्लक संपली. लहान ल्युअरमध्ये ही शिल्लक आणखी कमी असते, म्हणून १०० मिलिमीटरच्या तरंगत्या ल्युअरला जाड हूक लावताना जास्त जपायला लागतं.

नळाच्या पाण्यात ही तपासणी करू नका. त्याच ल्युअरला गोड्या पाण्यात साधारण एक ग्रॅम आधार कमी मिळतो, आणि जो समुद्रात तरंगेल तो बादलीत बुडालेला दिसेल. समुद्राचं पाणी आणता येत नसेल तर लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, साधारण दोन मोठे चमचे. पावसाळा संपता संपता खाडीच्या मुखाशी हाच फरक प्रत्यक्ष भेटतो. वरच्या थरात नदीचं पाणी मिसळलेलं असतं आणि जेमतेम तरंगणारा ल्युअर तिथे अर्धा बुडून चालतो.

बादलीत नुसतं तरंगतो की बुडतो एवढंच बघू नका, कसा उभा राहतो ते बघा. तरंगत्या स्टिकबेटचं शेपूट खाली आणि नाक दोन बोटं पाण्याबाहेर हवं. वायर लावल्यावर तो आडवा पडला किंवा नाक खाली गेलं, तर वायर जड आहे. बुडता ल्युअर सैल दोरीवर आडवा, अंग थरथरवत खाली गेला पाहिजे. दगडासारखा शेपटीवर उभा जात असेल तर मागचा हूक जड आहे. मी आता मागे ट्रेबलऐवजी एकेरी हूक लावतो. तो मजबूत असून हलका पडतो, आणि सुरमई शेपटीकडूनच मारते म्हणून मागचा हूक काढून टाकणं मला पटत नाही.

हूक, रिंग, वायर यातलं काहीही बदललं की पुन्हा बादली. हा नियम मी मोडत नाही.

उड्या दिसतात, पण वरचा ल्युअर घेत नाही

ल्युअर बरोबर चालतोय हे एकदा ठरलं की मग मासा कुठे आहे हा प्रश्न. इथे मला सगळ्यात मोठा धडा मिळाला तो मालवणकडच्या एका होडीवर. पाखरं पाण्यावर झेप घेत होती, पेडव्यांचा थवा वर फुटत होता, मधूनच एखादी सुरमई पूर्ण अंग बाहेर काढून उडत होती. मी वीस-पंचवीस फेकी पॉपर मारला. काही नाही. सुकाणूवर बसलेले तांडेल मामा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "उडता तो एक, खाली आसत धा. वरच्यावर कित्याक ओढतंस?"

मी म्हटलं, "मामा, पण वरच तर दिसतासत."

"दिसतासत म्हणान वर," ते म्हणाले, "खायतासत खाली."

मी ४० ग्रॅमचा बुडता पेन्सिल, म्हणजे पेन्सिलीसारखा बारीक ल्युअर, लावला, थव्याच्या मधे न टाकता पलीकडे टाकला, आठ आकडे मोजले आणि जोरात ओढायला लागलो. तिसऱ्या फेकीला रॉड वाकली.

यामागचं कारण मला नंतर कळलं. सुरमईला हवेची पिशवी नसते. पुष्कळ माशांना ती असते, आणि खोली झटकन बदलली की त्या पिशवीतली हवा फुगते-आवळते, म्हणून त्यांना सावकाश वरखाली करावं लागतं. सुरमईला ते बंधन नाही. ती दहा मीटरवरून एका झेपेत वर येते आणि तशीच परत जाते. वर दिसलेली सुरमई वरच राहते असं धरून चालणं म्हणूनच चुकतं. फेकीगणिक खोली बदला: एकदा तीन मोजून ओढा, मग सहा, मग दहा. ज्या आकड्याला धडक बसली तो आकडा धरून ठेवा, आणि दोन-चार फेकी रिकाम्या गेल्या की पुन्हा बदला.

त्यासाठी ल्युअर किती वेगाने बुडतो हे माहीत हवं. रापालाचे काउंटडाउन ल्युअर साधारण सेकंदाला एक फूट खाली जातात, म्हणून तर त्यांचं नाव तसं. बाकीच्यांचं स्वतः मोजा. जेटीच्या कडेला, खोली ठाऊक असलेल्या पाण्यात ल्युअर सोडा, दोरी सैल ठेवा आणि तळाला टेकेपर्यंत सेकंद मोजा. माझा तो ४० ग्रॅमचा पेन्सिल पाच मीटरला नऊ सेकंद घेतो. वाऱ्याने दोरीला पोट आलं किंवा ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, जाड असली की जास्त वेळ लागतो, तेवढं मनात धरायचं.

वर दिसूनही न घेण्याचं दुसरं कारण आकार. सुरमई बोटाएवढ्या बारीक मासळीवर असली की वीतभर पॉपर तिच्या हिशेबात येत नाही. इथे तरंगत्या ल्युअरची एक अडचण आहे. तरंगायचं म्हणजे वजन पाण्यापेक्षा कमी हवं, म्हणून लहान तरंगता ल्युअर नेहमी हलकाच असणार, आणि हलका ल्युअर थव्यापर्यंत पोचत नाही. तेवढ्याच लांबीचा बुडता दुप्पट वजनाचा मिळतो आणि लांब जातो. बारीक मासळी फुटत असेल तेव्हा मी विचार न करता लहान बुडता किंवा धातूचा ल्युअर लावतो, पलीकडे टाकतो आणि बुडू न देता लगेच वेगाने ओढतो. अशा वेळी तो बुडता असण्याचा फायदा फक्त फेकीपुरता.

मागे येते आणि वळते

ही तक्रार तरंगत्या ल्युअरवर जास्त. खालून येणारी सुरमई वर उजेडाकडे बघत असते. तिला ल्युअरची आकृती, पोटाचे हूक, वायर, सगळं आकाशावर कोरल्यासारखं दिसतं. पहाटे आणि ढगाळ दिवशी हे खपतं. सूर्य वर आला आणि पाणी काचेसारखं असलं की खपत नाही.

आधी वेग वाढवा. मागे येणाऱ्या माशाला बघून आपला हात आपोआप हळू होतो, माझाही होतो. तिथे उलट करायचं. रीलचा दर फेऱ्याला मीटरभर दोरी गुंडाळणारा वेग हवा. लहान रीलने दमछाक होते आणि ल्युअर तरीही हळूच येतो. वेग वाढवूनही वळत असेल तर त्याच आकाराचा, त्याच रंगाचा बुडता लावा आणि हातभर-दोन हात खालून ओढा. आकार तोच ठेवण्याचं कारण, एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशामुळे फरक पडला ते कळतं. दुपारी अकरानंतर मी तरंगता ल्युअर सहसा डबीतून काढतही नाही.

होडीजवळ येऊन वळत असेल तर ल्युअर पाण्यातून काढण्याआधी शेवटचे दोन मीटर रॉडचं टोक पाण्याकडे खाली करा आणि झपकन बाजूला ओढा. बुडता असेल तर तिथे एक सेकंद सोडा आणि मग ओढा. एकच सेकंद. मी सुरुवातीला थांबू नका म्हटलं, त्याला एवढाच अपवाद: खाली पडणारा ल्युअर जखमी मासळीसारखा दिसतो आणि तिला तो आवडतो, पण पडतोय तोपर्यंतच.

धरते आणि कापून नेते

ही तक्रार बुडत्या ल्युअरवर जास्त आणि लोक दोष वायरच्या कंपनीला देतात. ल्युअर खाली पडत असताना दोरी पूर्ण सैल सोडली की ती ल्युअरच्या आजूबाजूला लोळते. सुरमई ल्युअर मारते तेव्हा तिचं तोंड वायरच्या पुढच्या दोरीवर येतं. कापली जाते ती वायर नसतेच, तिच्या पुढचा लीडर असतो. म्हणून बुडत्या ल्युअरला वायर लांब, वीत-दीड वीत ठेवा, आणि ल्युअर पडताना दोरीवर बोटाचा हलका ताण राहू द्या.

तरंगत्या स्टिकबेटला मात्र वायर आखूड आणि बारीक हवी, चार-पाच इंच पुरते. तो सतत ताणात असतो, त्यामुळे मासा वायरच्या पुढे जायची शक्यता कमी, आणि लांब जाड वायर त्याचं नाक दाबते. दोन्ही ल्युअरना एकच तयार वायर जोडणं, ही मला सगळीकडे दिसणारी चूक आहे.

चकाकणारं स्विव्हलही काढून टाका. पाण्यात वेगाने जाणारी चकाकी सुरमईला बारीक मासळी वाटते आणि ती स्विव्हललाच चावते. तेव्हा ल्युअरवर दाताचा एक ओरखडा नसतो आणि दोरी वायरच्या वर तुटलेली असते. हे दिसलं तर काळं, लहान स्विव्हल लावा, किंवा वायर सरळ बंद रिंगेला बांधा.

खडपावरून: अडकतो, नाहीतर पाण्याबाहेर उडतो

किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांचा प्रश्न होडीवाल्यांपेक्षा वेगळा आहे आणि त्यांना सल्ला मात्र होडीचा मिळतो. उंच खडकावर उभं राहिलं की रॉडचं टोक पाण्यापासून सहा-सात मीटर वर असतं. ल्युअर जवळ येतो तशी दोरी वरून खेचते आणि तरंगता ल्युअर पाणी सोडून टप्पे खात येतो. पॉपरचं तोंड पाणी धरतच नाही. इथे हळू बुडणारा चांगला. तो वरच्या ओढीला विरोध करून पाण्यात राहतो. खाली तीन मीटर पाणी आणि तळाला कातळ असेल तर मोजत बसायचं नाही, पडला की लगेच ओढ सुरू. ओहोटी लागून पाणी उतरलं आणि कातळाचे सुळे वर दिसायला लागले, की मग उंची कितीही असो, तरंगता लावून रॉडचं टोक शक्य तितकं खाली धरायचं.

सपाट, खालच्या खडपावर तरंगताच बरा. पण ऑक्टोबरात सुद्धा लांबून आलेली एखादी मोठी लाट अचानक खडपावर चढते. ओल्या, शेवाळलेल्या कातळाच्या कडेला माशासाठी पुढे जाऊ नका आणि एकटे तर मुळीच जाऊ नका. पाच मिनिटं मागे उभं राहून लाटा कुठपर्यंत येतात ते बघा, मग रॉड जोडा.

वाऱ्याचंही इथेच सांगतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, किनाऱ्याजवळचं पाणी चोपडं असतं, तरंगता लांब जातो आणि छान चालतो. दुपारी खारा वारा सुटला, समोरून लाटा उठल्या, की तरंगता लाटेच्या माथ्यावरून घसरतो आणि अर्धा वेळ हवेत असतो. तेव्हा बुडता. एवढं साधं आहे, पण सकाळी एकदा लावलेला ल्युअर दुपारपर्यंत न बदलणारे कितीतरी जण मी बघतो.

मी सुरुवात कशी करतो

मला निवड करायला मिळाली तर मी अष्टमीच्या आसपासची पहाट धरतो. भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असते, पाण्याला ओढ कमी, म्हणून तळाचा गाळ कमी उठतो आणि पाणी निवळ राहतं. अलिबाग-मुंबईकडे हा फरक जास्त जाणवतो, कारण तिथे उधाणाला पाणी चार मीटर आणि त्याहूनही जास्त चढतं-उतरतं. मालवण-गोव्याकडे साधारण दोन. शिवाय तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा जुना हिशेब लावला तर अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमारास येते, म्हणजे बरोबर उजाडताना. जागेनुसार थोडं मागेपुढे होतं. भरलेलं, निवळ पाणी आणि कोवळा उजेड, यापेक्षा तरंगत्या ल्युअरला चांगली वेळ नाही. पहिला तास तोच. सूर्य वर आला की हळू बुडणारा, आणि वारा सुटला की जड बुडता. उधाणाच्या गढूळ पाण्यात मी किनाऱ्यावरून सुरमईच्या मागे जातच नाही.

एक शेवटची गोष्ट तपासायची राहते, आणि ती हंगामाच्या शेवटी उपटते. जो ल्युअर महिनाभर नीट तरंगत होता तो कुठलाही हूक न बदलता बुडायला लागतो. त्याला कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं तर सुरमईच्या दाताने जोडावर चीर पडली आहे. लाकडी असेल तर रंग फुटून लाकडाने पाणी प्यायलेलं असतं. तो चार-पाच दिवस सावलीत वाळवून, भोकं इपॉक्सीने भरून पुन्हा वापरता येतो. प्लॅस्टिकचा असेल तर पाणी झटकून, वाळवून चीर बुजवा आणि रात्रभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडून ठेवा.

माझा तो १४० मिलिमीटरचा स्टिकबेट असाच दोनदा बुजवून झालाय. त्याच्या पाठीवर दातांच्या सहा खुणा आहेत आणि इपॉक्सीच्या वजनाने तो आता हलके हूक लावूनही तरंगत नाही, मीटरभर जायला पाच सेकंद घेतो. पोटावर मार्करने 'बुडता, ५' लिहून मी तो हळू बुडणाऱ्यांच्या डबीत ठेवला आहे, आणि सूर्य वर आल्यावर पहिला हात त्यालाच जातो.